काळ्या जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू खरंच काम करतात का? (डभोई पट्टा, तूर-कापूस)

डभोईवाला

नमस्कार मंडळी. राहायला बडोद्यात, दांडियाबाजारात. आजोबांच्या वेळची आठ विघे काळी जमीन डभोईच्या पुढे आहे. भागियाकडे (वाटेकऱ्याकडे) दिलेली आहे, पण खत-बियाणं मीच आणून देतो आणि सुट्टीच्या दिवशी शेतावर असतो. एक वर्ष तूर, एक वर्ष कापूस असं चालतं.

यंदा माती तपासून घेतली. सामू (पीएच) 8.2, सेंद्रिय कर्ब 0.41 टक्के, उपलब्ध स्फुरद हेक्टरी 34 किलो. शेरा ‘मध्यम’. आम्ही दर वर्षी विघ्याला एक गोणी डीएपी, म्हणजे नत्र-स्फुरदाचं खत, टाकतो. इतकी वर्षं इतकं टाकून अजून मध्यमच? मग बाकीचं स्फुरद गेलं कुठे?

दुसरी गोष्ट. दुकानदाराच्या सांगण्यावरून पीएसबीची बाटली वापरली. स्फुरद विरघळवणारे जिवाणू, लेबलवर ‘1 मिलीमध्ये 10 कोटी’. तुरीच्या बियाण्याला लावलं. शेजारच्या दोन ओळी मुद्दाम तशाच ठेवल्या होत्या. फुलोऱ्यापर्यंत बघत राहिलो, दोन्हीकडे झाडं सारखीच. भागिया म्हणतो, साहेब, हे नुसतं पाणी आहे.

बाटली बनावट होती, की ही कल्पनाच आपल्या जमिनीत चालत नाही? इथे कुणी या विषयात काम करणारं असेल तर समजावून सांगा. डीएपीचा खर्च दर वर्षी वाढतोय आणि तो कमी करायचा आहे, म्हणून विचारतोय.

वाघोडियाचा माळी

दादा, आधी बाटली कुठे ठेवली होती ते बघा. आमच्या इथल्या एका दुकानात जिवाणू खतं काचेच्या कपाटात, थेट पश्चिमेच्या उन्हात मांडलेली असतात. मे महिन्यात त्यात काय जिवंत राहणार? आणि बियाण्याला बुरशीनाशक लावलं होतं का? आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि अगदी शेवटी, पेरायच्या तोंडावर जिवाणू, हा क्रम चुकला की संपलं. लावल्यावर सावलीत सुकवायचं. डीएपीत कालवून तर अजिबात टाकायचं नाही. मी आणंद कृषी विद्यापीठाची बाटली आणतो, ताजी असते.

मृण्मयी_ब

डभोईवाला, तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी जिवाणूंच्या चयापचयावर काम करते. जिवाणूने साखर खाल्ली की तिचं आत काय होतं, त्यातून काय बाहेर पडतं आणि ते पिकाच्या उपयोगी पडेल का, हे बघणं माझं काम. वरच्या माळीदादांनी सांगितलेलं सगळं बरोबर आहे, बाटली उन्हात मेलेली असू शकते. पण बाटलीतला प्रत्येक जिवाणू जिवंत असता तरी तुमच्या दोन ओळींत फरक दिसला नसता, अशी शक्यता बरीच आहे.

आधी तुमचं स्फुरद कुठे गेलं ते बघू. ते कुठेही गेलेलं नाही, तुमच्याच शेतात आहे. डीएपीच्या 50 किलोच्या गोणीत 23 किलो स्फुरद असतं. ते पाण्यात विरघळतं, पण काळ्या चुनखडीच्या जमिनीत पडलं की तिथलं कॅल्शियम त्याला पकडतं आणि त्याचे हळूहळू न विरघळणारे क्षार होतात. पहिल्या वर्षी पिकाच्या वाट्याला साधारण 10 ते 25 टक्के येतं. मातीच्या अहवालात येतो तो फक्त लवकर सुटणारा भाग, सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात जेवढा उतरतो तेवढा. एकूण साठा त्याच्या कित्येक पट असतो. वर्षानुवर्षं पैसे मोजून तुम्ही जमिनीत ठेव ठेवली आहे, ती काढता येत नाही, एवढंच.

ती ठेव काढून देणारा जिवाणू शोधायचा, ही कल्पना अगदी योग्य आहे. घोडं अडतं ते जिवाणू निवडण्याच्या पद्धतीत. पिकोव्हस्काया या रशियन शास्त्रज्ञेने 1948 साली एक माध्यम बनवलं. काचेच्या बशीत आगर, त्यात पांढरं ट्रायकॅल्शियम फॉस्फेट आणि लिटरला 10 ग्रॅम ग्लुकोज. बशी दुधट दिसते. तिच्यावर मातीतले जिवाणू वाढवायचे. जो आम्ल सोडतो त्याच्याभोवतीचं पांढरं विरघळतं आणि पारदर्शक कडं उमटतं. कडं दिसलं की म्हणायचं, हा स्फुरद विरघळवतो. आजही जगभर सुरुवात अशीच होते. आपल्याकडे खत नियंत्रण आदेशात जिवाणू खतं 2006 साली आली. त्यातही पीएसबीला द्रवात मिलीला किमान 10 कोटी जिवाणू असा निकष आहे, आणि क्षमता कड्यावरून बघायची तर किमान 5 मिलीमीटरचं कडं हवं. म्हणजे तुमची बाटली कायद्याला धरून असेल, खरी असेल आणि तरीही डभोईला निरुपयोगी असेल.

कारण बशीत दोन गोष्टी अशा आहेत ज्या तुमच्या शेतात नाहीत. एक म्हणजे भरपूर ग्लुकोज. दुसरी म्हणजे बशीतल्या माध्यमाचा सामू सहज पडतो, थोडं आम्ल सुटलं तरी 7 वरून 4 वर येतो. काळी माती असं होऊ देत नाही. शेतातला चुनखडीचा पांढरा खडा घ्या, बारीक कुटा आणि त्यावर लिंबू पिळा. फसफसेल. लिंबाचं आम्ल तिथल्या तिथे खर्च झालं. जिवाणूने सोडलेल्या आम्लाचंही तेच होतं, आणि ते लिंबाच्या रसापेक्षा कितीतरी कमी असतं. कार्बोनेट ते पिऊन टाकतं, सामू 8.2 चा हलत नाही आणि कॅल्शियम-फॉस्फेटला धक्काही लागत नाही.

हे सगळ्यात स्पष्टपणे दाखवलं ते आपल्याच गावात, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या बायोकेमिस्ट्री विभागात. 1998 साली तिथल्या गटाने अल्कधर्मी काळ्या मातीतले, नावाजलेले स्फुरद विरघळवणारे जिवाणू घेतले आणि त्याच प्रकारच्या मातीत, वरून कर्ब आणि नत्र देऊन, वाढवले. मातीतून स्फुरद सुटलं नाही. मग त्यांनी बशीचं माध्यमच काळ्या मातीसारखं हट्टी केलं. त्यात ट्रिस नावाचा बफर, म्हणजे सामू सहज हलू न देणारा पदार्थ, घातला, ट्रायकॅल्शियम फॉस्फेटऐवजी खनिज फॉस्फेट वापरलं आणि मिथाइल रेड हा रंगसूचक टाकला. या बशीवर बहुतेक जिवाणू नापास होतात.

ही बशी मी नेहमी हाताळते, म्हणून कशी दिसते ते सांगते. सुरुवातीला सगळी पिवळी असते. जिवाणूचा ठिपका ठेवून रात्रभर उबेत ठेवायची. सकाळी बहुतेक ठिपके वाढलेले असतात, गुबगुबीत, चकचकीत, पण आजूबाजूचा रंग पिवळाच. एखाद्याच ठिपक्याभोवती गुलाबी-लाल वर्तुळ दिसतं. म्हणजे बफरला पुरून उरेल इतकं आम्ल त्याने सोडलं. आमच्यासाठी कामाचा तो एकटा.

त्यांना असा जो सापडला तो एंटेरोबॅक्टर अस्बुरिये, आणि सापडला तुरीच्या मुळांभोवतीच्या मातीत. तुमच्याच पिकाच्या! त्याचं गुपित 1999 साली प्रसिद्ध झालं. तो बरंचसं ग्लुकोज पेशीच्या आत न नेता बाहेरच वापरतो. बाहेरचा आणि आतला असे त्याला दोन पडदे असतात. त्यांच्या मधल्या जागेत ग्लुकोज डीहायड्रोजनेज हे विकर (एन्झाइम) असतं, पीक्यूक्यू नावाच्या सहघटकावर चालणारं. ते ग्लुकोजचं तिथल्या तिथे ग्लुकोनिक आम्ल करतं. पेशीच्या आतली लांबलचक प्रक्रिया टाळून साखरेतली थोडी ऊर्जा चटकन मिळते आणि आम्ल सरळ बाहेर पडतं, म्हणून इतक्या मोठ्या प्रमाणात सोडणं त्याला परवडतं. सिट्रिक किंवा ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला जास्त घट्ट धरतं, म्हणजे काळ्या जमिनीला ते अधिक चांगलं. पण सिट्रिक आम्ल पेशीच्या आतल्या चक्रात बनतं, ते बाहेर टाकणं म्हणजे स्वतःच्या तोंडचा घास टाकणं. जिवाणू ते सहजी करत नाही. जगण्याला धक्का न लावता त्याला ते करायला कसं लावायचं, यावर आमच्या क्षेत्रातली बरीच डोकी खपताहेत.

आता तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. या जिवाणूत ते विकर वाढतं ते स्फुरदाची उपासमार झाली की. आजूबाजूला विरघळलेलं स्फुरद मुबलक असेल तर त्याने कशासाठी कष्ट घ्यायचे? तो तुरीसाठी आम्ल सोडत नाही, स्वतःसाठी सोडतो. सुटलेल्यातलं उरेल ते तुरीला मिळतं. तुम्ही विघ्याला एक गोणी डीएपी देता. आपल्याकडे हेक्टरी सव्वाचार विघे धरले तर हेक्टरी 95 किलोच्या वर स्फुरद झालं. तुरीची शिफारस 40 ते 50 किलोची आहे. दुप्पट स्फुरद टाकून त्याच ओळीत स्फुरद विरघळवणारा जिवाणू घातलात, तर त्याला काम करायचं कारणच उरत नाही.

एक स्पष्ट करते. या एंटेरोबॅक्टरची बाटली मिळेल का असं विचारू नका. या प्रजातीचे काही वाण माणसांच्या आजारांतही सापडलेले आहेत, त्यामुळे तो शेतात पसरवण्यासाठी नाही. त्याच्याकडून शिकायचं आणि निर्धोक जिवाणूंत तो गुण शोधायचा.

पादऱ्याचे आप्पा

मृण्मयीबेन, छान लिहिलंत. पण एक विचारतो. आम्ही लहानपणापासून ऐकत आलो की तूर स्वतःच जमिनीतलं स्फुरद काढते, तिला खत कमी लागतं. तुरीच्या मुळांतून आम्ल सुटतं असं कृषीमेळ्यातही ऐकलं होतं. मग जिवाणूची गरजच काय? आणि हरभऱ्याची आंब तर आपण सगळे जाणतो. पहाटे दव असताना हरभऱ्यातून चाललं की पोटऱ्या चुरचुरतात. तसं काही मुळातही असतं का?

निनाद_एमएस्सी

ताई, मी मायक्रोबायोलॉजीला आहे. जिवाणूला साखर लागते तर बीजप्रक्रियेच्या वेळी गुळाचं पाणी जास्त घातलं, किंवा जीवामृतासारखं गूळ-शेणाचं पाणी मुळाशी ओतलं, तर भागणार नाही का?

मृण्मयी_ब

आप्पा, तुमचा प्रश्न फार चांगला आहे, कारण यात एक गोष्ट सगळीकडे अर्धीच सांगितली जाते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेत झालेलं काम 1990 साली प्रसिद्ध झालं. तुरीच्या मुळांतून पिसिडिक आम्ल सुटतं आणि ते लोहाला धरलेलं स्फुरद मोकळं करतं, हे त्यात दाखवलं होतं. लोहाला धरलेलं. म्हणजे लाल जमिनीत. आपल्या काळ्या जमिनीत स्फुरदाला धरणारं आहे कॅल्शियम, तिथे तुरीची ही कला फारशी चालत नाही. कृषीमेळ्यात जमिनीचा रंग सांगायचा राहून जातो, आणि शेतकरी समजतो की तुरीला खतच नको.

हरभऱ्याची गोष्ट मात्र तुम्ही म्हणता तशीच आहे. पानांवरची आंब मुख्यतः मॅलिक आम्लाची. पण त्याच्या मुळांतून सिट्रिक आम्लही सुटतं, आणि ते कॅल्शियमला धरतं. म्हणून चुनखडीच्या काळ्या जमिनीत हरभरा स्वतःचं स्फुरद तुरीपेक्षा चांगलं मिळवतो. जिवाणूकडून आम्ही जे करवून घेऊ पाहतोय ते हे झाड आपणहून करतं. डभोईवाला, ओलिताची सोय असेल तर कापूस निघाल्यावर एखाद्या विघ्यात हरभरा घ्यायचा विचार करा. पालापाचोळा आणि मुळं जमिनीतच राहू द्या.

निनाद, गूळ म्हणजे मुख्यतः सुक्रोज. मी वर सांगितलेल्या विकराला ग्लुकोज हवं, सुक्रोजला ते हात लावत नाही. आधी सुक्रोज फोडणारं विकर हवं, आणि ते प्रत्येक जिवाणूकडे नसतं. दुसरं, शेतात नुसती साखर ओतली की ती तुझ्याच जिवाणूला मिळेल हे कोण ठरवणार? मातीत आधीपासून असलेले असंख्य जिवाणू आणि बुरश्या ती फस्त करतात, आणि वाढताना विरघळलेलं स्फुरद नि नत्र स्वतःच्या अंगात बांधून घेतात. पिकाला काही काळ उलट कमी पडतं. बियाण्याला चिकटवण्यापुरता गूळ ठीक आहे.

साखरेचा खरा पुरवठा मूळ करतं. झाड पानांत बनवलेल्या अन्नातला एक भाग मुळांवाटे मातीत सोडतं. साखर, अमिनो आम्लं, सेंद्रिय आम्लं. म्हणूनच मुळाला लागून असलेल्या काही मिलीमीटरच्या थरात जिवाणू गर्दी करून असतात आणि जरा लांब गेलं की विरळ. दुकानातल्या जिवाणूला या थरात जागा मिळवायची असते, आणि तिथे आधीच मुरलेले रहिवासी असतात. बाटलीवर 10 कोटी लिहिलंय, पण पेरणीनंतर महिनाभराने त्यातले मुळावर किती उरले हे कुणी मोजत नाही. माझा सगळ्यात मोठा आग्रह इथेच आहे. जिवाणू ज्या जमिनीसाठी विकायचा, त्याच जमिनीच्या मातीत, त्याच पिकाच्या मुळावर त्याची परीक्षा व्हायला हवी. काळ्या जमिनीसाठी निदान बफर घातलेल्या बशीवर तरी. ही परीक्षा महागडी नाही, आमच्याकडे पदव्युत्तर विद्यार्थीही करतात. शेतकऱ्याने पैसे मोजून स्वतःच्या शेतात ती करायची, हे मला अजिबात पटत नाही.

वाघोडियाचा माळी

ताई, मग मी वापरतो ते बंद करू का? मला वांग्यात फरक वाटतो.

मृण्मयी_ब

फरक वाटत असेल तर बंद करू नका. तुमची जमीन डभोईसारखी काळीशार आणि चुनखडीची नसेल. गोराडू, म्हणजे हलकी वाळूमिश्रित, असेल तर सामू जास्त सहज हलतो. शिवाय यातले बरेच जिवाणू स्फुरद सोडलं तरी इतर कामं करतात. काही मुळं वाढवणारी संप्रेरकं बनवतात, काही रोगकारक बुरशीला आवर घालतात. एक सरी न लावता ठेवा आणि वांगी तोलून बघा, नजरेवर जाऊ नका.

डभोईवाला

मृण्मयीताई, मनापासून आभार. काल शेतातला खडा कुटून लिंबू पिळलं, भागियालाही दाखवलं. चांगलंच फसफसलं. आता एवढंच सांगा की येत्या जूनमध्ये मी काय करू? डीएपी एकदम बंद करायची भीती वाटते.

मृण्मयी_ब

एकदम बंद करूच नका. तुमचं स्फुरद मध्यम आहे, तेव्हा शिफारशीइतकं द्या. तुम्ही देता त्याच्या साधारण निम्मं. पण फेकून देऊ नका, पेरणीयंत्राने बियाण्याच्या खाली आणि थोडं बाजूला पट्ट्यात पडू द्या. जेवढ्या कमी मातीशी त्याचा संबंध येईल तेवढं कमी अडकेल. डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट घेतलंत तर बरोबर गंधकही मिळेल, ते कडधान्याला चांगलं. नत्राची कसर मात्र वेगळी भरून काढा. हेक्टरी 20 किलो पुरे, पुढचं काम मुळांवरच्या गाठीतले रायझोबियम, म्हणजे हवेतलं नत्र बांधणारे जिवाणू, करतील.

मला खरी काळजी तुमच्या 0.41 टक्के सेंद्रिय कर्बाची आहे. एवढ्या कर्बात कोणताही जिवाणू उपाशीच राहणार, मग तो बाटलीतला असो की मातीतला. चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट जेवढं मिळेल तेवढं एका-दोन पट्ट्यांतच घाला, आठही विघ्यांत थोडं थोडं शिंपडू नका. तुरीचा पाला शेतात पडू द्या. कापसाच्या पऱ्हाट्या जाळता का? जाळत असाल तर थांबवा, बारीक करून कंपोस्टात घाला.

प्रयोग करायचा तर चार पट्टे आखा. पहिल्यात तुमची नेहमीची गोणी. दुसऱ्यात निम्मं स्फुरद, बियाण्याच्या खाली-बाजूला दिलेलं. तिसऱ्यात तेच आणि कंपोस्ट. चौथ्यात निम्मं स्फुरद, कंपोस्ट आणि ताजी पीएसबी, माळीदादांनी सांगितलेल्या क्रमाने. वाण एकच, पेरणी एकाच दिवशी. नाल्याकडचा पाणथळ कोपरा यात धरू नका. दीड-दोन महिन्यांनी प्रत्येक पट्ट्यातली काही झाडं अलगद, मुळांसकट उपटा. गाठी फोडून आतला रंग बघा, गुलाबी-लाल असेल तर त्या काम करताहेत. झाडं वाळवून तोला. शेवटी दाणे पट्ट्यागणिक वेगळे मळा. वाणाबद्दल शंका असेल तर मॉडेल फार्मवरच्या कडधान्य संशोधन केंद्रात विचारा, तुमच्या घरापासून लांब नाही.

चौथा पट्टा तिसऱ्यासारखाच आला तर पुढच्या वर्षी बाटली आणू नका, ते पैसे कंपोस्टात घाला. चौथा खरंच पुढे गेला तर मला नक्की कळवा. त्या झाडांच्या मुळांभोवतीची मूठभर माती मला हवी आहे. ओलसरच, स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत, पट्ट्याचा नंबर लिहून. उन्हात ठेवू नका आणि त्याच दिवशी बडोद्याला आणा.